तलाव कोणाचा, हे आधी बघा

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई माणदेशातल्या एका गावात राहतात आणि खासगी शाळेत शिकवतात. गावाचा पाझर तलाव 1972 च्या दुष्काळी कामातला. आता तो गाळाने निम्म्याहून जास्त भरलाय आणि फेब्रुवारीतच कोरडा पडतो. 2018 च्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत गावाने डोंगरावर चर खोदले होते, तेही बुजत आलेत. गावातले आठजण मिळून काहीतरी करायचं म्हणतात, पण सरपंचांशी त्यांचं पटत नाही. पुण्यातल्या एका गृहस्थांनी सुचवलंय की स्वतःची संस्था नोंदवा, मी कंपनीकडून 25 लाखांचं अनुदान आणून देतो. प्रस्तावाचे 40,000 रुपये आधी आणि मंजुरीनंतर दहा टक्के, अशी त्यांची बोली आहे. अमेरिकेतले एक चुलतदीरही पैसे पाठवायला तयार आहेत. ताई विचारतात, "संस्था काढावी का? अनुदान नेमकं मागायचं कुठे?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला माझा पहिला प्रस्ताव आठवला. मराठवाड्यातल्या एका संस्थेत तेव्हा मी नवी होते. चाळीस पानं लिहिली होती. त्यात पर्जन्यमानाचे तक्ते होते, पर्यावरणाच्या ऱ्हासावर दोन पानं होती, रंगीत फोटो होते. समोरच्या साहेबांनी ती चाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, "तलाव कोणाचा?" मला उत्तर देता आलं नाही. बैठक तिथेच संपली.

म्हणून मीही तिथूनच सुरू करते. तुमच्या पत्रात गाळ आहे, सरपंच आहेत, पुण्याचे गृहस्थ आहेत, पण तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते कुठेच नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे, सहाशे हेक्टरपर्यंतचे, राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. तुमचा बहुधा जिल्हा परिषदेचा असणार. म्हणजे पैसा कुठूनही आला तरी त्यांच्या ना हरकत दाखल्याशिवाय तिथे एक खोरंही मारता येत नाही. तुमचे आठजण खिशात 25 लाख घेऊन उभे राहिले तरी नाही.

आता त्या 25 लाखांकडे येऊ. हा आकडा आला कुठून? पत्रात ना तलावाचं क्षेत्र आहे, ना गाळाची खोली. आपण अंदाजाने एक हिशेब करून पाहू. समजा तलावाचं गाळाचं क्षेत्र दोन हेक्टर आहे आणि सरासरी एक मीटर गाळ काढायचाय. म्हणजे 20,000 घनमीटर, पाण्याच्या भाषेत दोन कोटी लिटर जागा. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये नव्याने सुरू झाली. त्या 2023 च्या निर्णयात यंत्र आणि इंधन मिळून घनमीटरला 31 रुपये धरले आहेत. गुणाकार करा, 6,20,000 रुपये होतात. शिवाय गाळ शेतात नेऊन टाकणाऱ्या लहान शेतकऱ्याला घनमीटरला 35.75 रुपये अनुदान आहे. त्याला मर्यादा एकरी 15,000 रुपयांची आणि तीही अडीच एकरांपर्यंत. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरीही त्यात बसतात. दर आणि अटी बदलत असतात, तेव्हा जलसंधारणाच्या कार्यालयात जाऊन ताजा शासन निर्णय हातात घ्या. पण ज्या कामाचा यंत्रखर्च सहा-सात लाखांत बसतो आणि तोही सरकार द्यायला तयार आहे, त्यासाठी तुम्ही 40,000 रुपये देऊन 25 लाख शोधायला निघाला आहात, एवढं तरी या हिशेबातून दिसतं.

ते गृहस्थ लबाडच आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचं गणित मात्र कायद्यात बसत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. माती, पाणी, पर्यावरण हे सगळं त्यात चालतं. पण कंपनीला बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल, तर त्या संस्थेची आयकराची 12ए आणि 80जी (करसवलतीची) नोंदणी लागते, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि 1 एप्रिल 2021 पासून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांकही लागतो. तुमची संस्था आज जन्माला आली तर हे पैसे घ्यायला ती तीन वर्षांनी पात्र होणार. मग गृहस्थ तुमच्या नावाने कोणाकडून काय आणणार आहेत? त्यांना मागच्या तीन कामांची गावं विचारा आणि त्या गावच्या ग्रामसेवकाला स्वतः फोन लावा. (पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण तुमच्याकडेही सगळे 'भाऊसाहेब'च म्हणत असतील.)

तर संस्था काढावी का? पुढच्या दहा वर्षांसाठी काढायची असेल तर जरूर काढा. या उन्हाळ्यातल्या तलावासाठी नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण, फेरफार अर्ज, विश्वस्तांची भांडणं आणि पॅन, बँक, आयकराच्या फेऱ्या. आठातले सहाजण दुसऱ्या वर्षी यातून गळतात, हे मी बघितलंय. उरलेल्या दोघांपैकी एक सचिव असतो आणि सगळी नोटिसा-पत्रं त्याच्या घरी येतात. त्यापेक्षा सातारा-सांगली पट्ट्यात पाणलोटाचं (पाणी-माती अडवण्याचं) काम करणारी एखादी जुनी, हिशेब चोख ठेवणारी संस्था गाठा आणि तिच्या छत्राखाली काम करा. संस्था, ग्रामपंचायत आणि तुमचा गट असा तिघांचा लेखी करार असावा. पैसा कुठल्या खात्यात येणार आणि बिलावर सही कोणाची, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. संस्थेला तिचा व्यवस्थापन खर्च द्यावा लागेल, तोही उघडपणे द्या.

आता सरपंच. तुम्ही लिहिता, "ग्रामपंचायतीला बाजूला ठेवून काही करता आलं तर बरं." मला वाटतं, संस्थेची कल्पना याच वाक्यातून आली आहे. खरी अडचण पैशाची कमी आणि बोलाचालीची जास्त आहे. पण सरपंच आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, भाऊसाहेब घरोघर फिरून सह्या गोळा करतात. तुमच्याकडे ती खरोखर भरवा. शाळेतल्या मुलांच्या आया तुम्हाला ओळखतात. तलावाचा विषय तिथे घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि मग मोठ्या ग्रामसभेत ठराव मांडा. चाळीस बायांनी आधीच मंजूर केलेला विषय सरपंचाला डावलता येत नाही, निदान सगळ्यांसमोर तरी नाही. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात ताब्यात घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर आधी तोच कागद मागतात.

ग्रामसभा लागते ती आणखी एका कारणाने. गावाच्या नावावर पैसा आधीपासून येतोय. 15 व्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित होता. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, बाकीचा निम्मा स्वच्छतेसाठी. ही व्यवस्था 2025-26 पर्यंतची. त्यानंतरचे नियम भाऊसाहेबांकडून समजून घ्या. तुमच्या गावात हा पैसा कशावर गेला, तेवढं एकदा विचारा. भांडायला म्हणून विचारू नका, आराखड्यात पुढच्या वर्षी तलावाचं नाव घालायचंय म्हणून विचारा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा असूनही मिळत नाही. रोजगार हमीचंही तसंच. तिथे यंत्र चालत नाही, त्यामुळे तलावाचा गाळ त्यात बसवत बसू नका. पण डोंगरावरचे चर, दगडी बांध, झाडं ही मजुरीची कामं तिथेच शोभतात. महाराष्ट्रात ही योजना 1972 च्या दुष्काळातूनच उभी राहिली, तुमच्या तलावाच्याच वयाची आहे. रोजगार हमीचे नियम वारंवार बदलतात, सध्या काय चालतं ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

डोंगराचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली जागा हीच आहे. चर बुजले हे तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंत आणि तीन पानं गाळावर लिहिलीत. पण तो गाळ वरूनच आला ना? पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं हे तुम्ही वॉटर कपच्या प्रशिक्षणात शिकलाच असाल. वरचे चर बुजलेले ठेवून खालचा तलाव साफ केला तर चार-सहा पावसाळ्यांत हेच पत्र तुम्ही मला पुन्हा लिहाल. आणि चर बुजले कशाने? पावसाने थोडे बुजले असतील. बाकी मेंढरांनी. तुमच्या आठजणांत मेंढपाळ घरातलं कोणी आहे का? मला वाटतं नाही. माणदेशात पाण्याचा गट आणि त्यात धनगर नाही, हे मीठ नसलेल्या भाकरीसारखं आहे.

1990 च्या दशकात नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने जर्मन मदतीतून महाराष्ट्रात पाणलोटाची कामं केली. तेव्हा गावाला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान आधी कबूल करावं लागायचं, मगच पैसा सुटायचा. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत 1996 ते 2002 या काळात असंच काम झालं. पुढे तिथे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. पण चराईबंदी म्हणजे कोणाच्या तरी घरातली दुभती जनावरं आणि मेंढरं आता कुठे जाणार, हा प्रश्न आधी सोडवणं. डोंगराचे तीन भाग करून एकेक भाग दोन वर्षं बंद ठेवायचा, उरलेले खुले, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायला पहिला हक्क मेंढपाळांचा, असं काही ठरवता येईल का बघा. डोंगराची जमीन वन विभागाची असेल तर त्यांची परवानगी लागेल, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. सातबारा काढा म्हणजे कळेल.

नाबार्डच्या पाणलोट निधीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात, त्यांना एकदा भेटून या. केंद्राच्या पाणलोट योजनेत हेक्टरी खर्चाची मर्यादा सपाटीला 22,000 आणि दुर्गम, डोंगराळ भागाला 28,000 रुपये होती. पण त्यात गावांचे समूह निवडले जातात, एकट्या गावाला अर्ज करून ती मिळत नाही. तुमचा समूह निवडला गेलाय का, एवढंच कृषी आणि जलसंधारण कार्यालयात विचारा. नसेल तर तिथे वेळ घालवू नका.

मग बाहेरून मागायचं काय? जे सरकारी योजनेत बसत नाही, तेवढंच. गाळाचंच घ्या. एका ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर माती मावते. 20,000 घनमीटर म्हणजे सात हजारांहून जास्त खेपा. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चाळीस-पंचेचाळीस दिवस मिळतात. म्हणजे रोज दीडशे ते पावणेदोनशे ट्रॉल्या त्या एका उतारावरून खाली-वर. तेवढे ट्रॅक्टर तुमच्याकडे आहेत का? एकरी 400 घनमीटर टाकला तर चार इंचांचा थर होतो, आणि असा गाळ घ्यायला पन्नास एकरांचे मालक लागतात. ती यादी नावानिशी, गटनंबरासह तयार आहे का? नसेल तर पोकलेन गाळ काढून काठावर टाकेल आणि जूनमधला पहिला वळीव तो पुन्हा आत ढकलेल. हे काल्पनिक नाही. मी एका गावात उभी राहून हे होताना बघितलंय, आणि त्या कामाचं बिल निघालं होतं.

शिवाय सरकारी बिलं उशिरा निघतात आणि पोकलेनवाला डिझेलशिवाय यंत्र हलवत नाही. म्हणून देणगीदाराकडे मागायचं ते असं: पहिल्या पंधरवड्याच्या डिझेलची उचल, लहान शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर भाड्याची तात्पुरती रक्कम (सरकारी अनुदान जमा झालं की गटाकडे परत येणारी), तलावाची मोजणी आणि दोन वर्षांसाठी एका पोराचं मानधन. या पोराने चर बघायचे, विहिरी मोजायच्या, वही लिहायची. असं नेमकं दोन-अडीच लाखांचं मागणं एखाद्या कारखान्याचं, पतसंस्थेचं किंवा पुण्या-मुंबईतल्या तुमच्याच ग्रामस्थ मंडळाचं काळीज लवकर जिंकतं. यंत्रांसाठी नाम फाउंडेशन आणि भारतीय जैन संघटना यांनी राज्यात अनेक गावांना हात दिला आहे, त्यांच्याकडेही ठराव, मोजणी आणि शेतकऱ्यांची यादी घेऊनच जा.

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. पैशाचा मोठा भाग नदीतल्या वाळूच्या विक्रीतून उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. मी तुम्हाला वाळू विकायला सांगत नाही, तहसीलदार मला शोधत येतील. गाळाच्या योजनेतही वाळू काढायला बंदीच आहे, आणि गाळाच्या नावाखाली मुरूम जातोय का यावर तुम्हालाच डोळा ठेवावा लागेल. सांगायचंय ते वाट्याबद्दल. तलाव भरला की खालच्या बाजूच्या डाळिंबवाल्यांच्या विहिरी फुगणार आणि त्यानंतर नवे बोअर पडणार. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथलं पाणी टिकलं. शहाणा देणगीदार तुम्हाला हा प्रश्न विचारतोच. त्याने विचारायच्या आधी ग्रामसभेने उत्तर लिहून ठेवलेलं बरं.

अमेरिकेतल्या दिरांचं उत्तर त्यांच्या पासपोर्टवर आहे. पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत इथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही ती परकीय देणगी ठरते, आणि एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात घेता येते. 2020 पासून अशी संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊही शकत नाही. "वहिनी, तुमच्याच खात्यावर टाकतो, तुम्ही खर्च करा," असं ते म्हणतील. गावाच्या कामाचा पैसा स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. आज विश्वास ठेवणारेच उद्या पासबुक मागतात.

एक काम मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय आजपासून होईल. तलावाच्या खालच्या बाजूच्या दहा विहिरी निवडा. सुती दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा आणि काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी भरल्या ते वहीत लिहा, तारखेसह. भूजल सर्वेक्षणवाले आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात, तुम्हीही तेच महिने धरा. सातवी-आठवीची मुलं हे आनंदाने करतील, फक्त कठडा नसलेली विहीर त्यांच्या यादीत घेऊ नका. तलावातही चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन गाळ किती खोल आहे ते बघा, भरावाच्या पायथ्यापासून मात्र लांब. गाळ सरासरी अडीच फुटांच्या आत निघाला, तर माझा वरचा सगळा हिशेब बदलेल. मग खड्ड्यांची मापं मला पाठवा, आपण पुन्हा बसू.